केहिमकर : किहीम सोडून गेलेल्यांचे आडनाव

‘केहिमकर’ हे महाराष्ट्रातील विरळ आडनावांपैकी एक आहे. रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, अलिबाग शहराच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेल्या किहीम या गावावरून ते आले. गावाचे नाव आज ‘किहीम’ असे लिहिले जात असले, तरी आडनावात ‘केहिम’ हे रूप टिकून राहिले आहे. हे आडनाव प्रामुख्याने बेने इस्रायल या मराठी भाषक ज्यू समाजात आढळते. या समाजात कोकणातील गावांवरून पडलेली अशी आडनावे शंभराहून अधिक असून त्यांपैकी अनेकांची आज मोजकीच घरे उरली आहेत. मुंबई, तिची उपनगरे, ठाणे आणि इस्रायल अशी त्यांची सध्याची व्याप्ती आहे. ज्या गावांची नावे ही घराणी लावतात, त्या गावांत मात्र त्यांचे वास्तव्य जवळजवळ संपुष्टात आले आहे.

आडनाव गावाचे, पण गावात त्या आडनावाचा माणूस नाही, ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते. मराठी ग्रामनामावरून पडणाऱ्या आडनावांची घडण लक्षात घेतली की ती तशी राहत नाही.

‘कर’ केव्हा लागतो?

मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय जोडून आडनाव तयार करण्याची पद्धत जुनी असून कोकणात ती विशेष रूढ आहे. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर, चौलचा तो चेऊलकर. हा प्रत्यय आजही जिवंत आहे. वृत्तपत्रे नित्य ‘मुंबईकर’, ‘ठाणेकर’, ‘मुलुंडकर’, ‘बोरिवलीकर’ असे शब्द वापरतात. मात्र या वापरात आणि आडनावात एक महत्त्वाचा फरक आहे. वृत्तपत्रातील मुलुंडकर मुलुंडमध्ये राहतो. आडनावाचा पेणकर बहुधा पेणमध्ये राहत नाही. सगळेच जिथे पेणचे, तिथे पेणकर म्हणून कोणाला ओळखणार? तो पेण सोडून दुसरीकडे गेला, की तेथील लोक त्याला त्याच्या मूळ गावाने ओळखू लागतात. म्हणजेच, ‘कर’ लागलेले आडनाव हे मुळात स्थलांतराची नोंद असते.

मुंबईच्या उपनगरांतील मूळ रहिवाशांकडे पाहिले असता हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. साष्टी बेटावरील जुन्या गावठाणांतून पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची आडनावे परेरा, डिसोझा अशी, म्हणजे पोर्तुगीज काळातील धर्मांतराच्या वेळी आलेली आहेत. त्यांनी आपले गाव सोडले नाही, म्हणून त्यांच्या नावाला गावाचे नाव चिकटण्याचे कारणही पडले नाही. कोकणातून आलेल्यांच्या नावाला मात्र ते चिकटले.

या आडनावांवर कोणत्याही एका धर्माची वा जातीची मालकी नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. एकाच गावातून निघालेले हिंदू, मुसलमान आणि बेने इस्रायल एकच आडनाव लावू शकतात. दांडेकर हे चित्पावनांतील सुपरिचित आडनाव बेने इस्रायलांतही आहे. दिवेकरांचेही तसेच. आडनावावरून गाव समजते, धर्म समजतोच असे नाही. तो समजतो आधीच्या दोन नावांवरून.

नवगावचा किनारा

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तेथेच पुरण्यात आले, असे परंपरा सांगते आणि त्या जागी आज स्मारकस्तंभ उभा आहे. ही घटना इसवी सनापूर्वीची मानली जाते. तिला समकालीन लेखी आधार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा असल्याचे आणि त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाल्याचे अनुमान काढण्यात आले.

नवगाव, किहीम, आवास, झिराड ही गावे अलिबागच्या उत्तरेकडील एकाच पट्ट्यातील. या पट्ट्यातून आणि पुढे पेण, पनवेल, रोहा, मुरूड या भागांतून हा समाज विखरून राहिला. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता आणि शब्बाथ पाळण्यासाठी ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. गावोगावी त्यांची एकदोन घरेच असल्याने त्यांची भाषा, वेष आणि बहुतेक रीतिरिवाज मराठी झाले. पहिल्या नावांनीही मराठी वळण घेतले. सॅम्युएलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी, इझिकेलचा हसाजी झाला.

गावाचे नाव हे त्या काळातही ओळखीचे साधन होते, याचा एक पुरावा समाजाच्या धार्मिक परंपरेत सापडतो. डेव्हिड राहाबी नावाच्या धर्मशिक्षकाने या समाजाला ज्यू म्हणून ओळखले आणि हिब्रू धर्मविधी शिकवून तीन घराण्यांना धर्मकार्य सोपवले, अशी आख्यायिका आहे. ‘काजी’ म्हणून ओळखली जाणारी ही तीन घराणी म्हणजे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. तिन्ही आडनावे गावांचीच आहेत.

तिसऱ्या नावाची गरज

अठराव्या शतकात बेने इस्रायल मुंबईत येऊ लागले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोठ्या संख्येने भरती झाले. या पिढीतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. ‘शआर हारहमीम’ हे त्याचे हिब्रू नाव. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या ‘मशीद’ स्थानकाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगितले जाते.

मुंबईत आणि फौजेत एक अडचण उभी राहिली असणार. बायबलमधील नावांचा साठा मर्यादित. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावर माणूस ओळखायचा म्हटला, तर सॅम्युएल डेव्हिड, डेव्हिड सॅम्युएल, मोझेस अब्राहम, अब्राहम मोझेस अशा नावांची पुनरावृत्ती होत राहते. कोकणातील खेड्यात एकाच घराण्याची वस्ती असताना त्याने बिघडत नव्हते. एकाच पलटणीत किंवा एकाच पेठेत तीन-चार सॅम्युएल डेव्हिड एकत्र आले, की तिसरे नाव अपरिहार्य ठरते. हे तिसरे नाव गावाने पुरवले. स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि आडनाव ही सर्वसाधारण मराठी रचनाच या समाजाने स्वीकारली. पहिली दोन नावे हिब्रू, तिसरे मराठी, असा तिचा घाट ठरला.

इतिहासकार केहिमकर

केहिमकर हे आडनाव ज्यांच्यामुळे जगभरच्या ज्यू इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत झाले, ते म्हणजे हाईम सॅम्युएल केहिमकर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी समाजाच्या शिक्षणासाठी मोठे कार्य केले. १८७५ साली मुंबईत स्थापन झालेली इस्रायली शाळा हे त्याचे फळ होय. हिब्रू, मराठी आणि इंग्रजी या भाषांचे शिक्षण देणारी ही शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. माझगाव येथील या शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी अन्य धर्मांचे आहेत.

केहिमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. परंपरा, विवाहविधी, सण, पोशाख, नावे, सैनिकी सेवा अशा अनेक बाबींची नोंद त्यात आहे. लेखकाच्या हयातीत हे हस्तलिखित ग्रंथरूपाने निघू शकले नाही. चाळीस वर्षांनंतर, १९३७ साली, तेल अवीव येथून इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या संपादनाखाली ते प्रसिद्ध झाले. त्यानंतर बेने इस्रायलांवर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या ग्रंथाचा आधार घ्यावा लागला आहे. अलिबाग तालुक्यातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने ग्रंथालयांच्या सूचींतून जगभर पोहोचले, तेही मूळ गावाच्या आजच्या लेखनापेक्षा वेगळ्या रूपात.

आपल्या काळात हे आडनाव मराठी वाचकांना परिचित झाले ते आयझॅक केहिमकर यांच्यामुळे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत दीर्घकाळ काम केलेले हे निसर्गअभ्यासक फुलपाखरांचे तज्ज्ञ म्हणून ओळखले जातात. भारतीय फुलपाखरांवरील त्यांचा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, याच संस्थेशी आयुष्यभर निगडित असलेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या वीणीचा आपला गाजलेला अभ्यास १९३० साली किहीम येथेच केला होता.

डोंगरीपासून ठाण्यापर्यंत

मुंबईतील बेने इस्रायलांची पहिली वस्ती मांडवी, डोंगरी आणि उमरखाडी या भागांत होती. पुढे ती भायखळा, आग्रीपाडा, जेकब सर्कल अशी उत्तरेकडे सरकली. सिनेगॉगांच्या जागा पाहिल्या तरी हा प्रवास ध्यानात येतो. १८५३ साली मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला. रेल्वे, टपाल, सार्वजनिक बांधकाम, रुग्णालये यांतील नोकऱ्यांत हा समाज मोठ्या प्रमाणावर शिरला होता. नोकरीच्या आणि परवडणाऱ्या घराच्या शोधात त्याची वस्ती लोहमार्गाच्या कडेने वाढत गेली. ठाण्याचे ‘शआर हाशामाईम’ सिनेगॉग १८७९ सालचे आहे. कुर्ला येथे समाजाचे प्रार्थनागृह झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आणि मध्य मुंबईतील जुन्या चाळी सोडून मराठी मध्यमवर्ग उपनगरांत गेला, त्यात हा समाजही होता. आज भारतातील बेने इस्रायलांची सर्वांत मोठी वस्ती मुंबई महानगराच्या परिसरात असून तिच्यात ठाण्याचे स्थान अग्रभागी आहे. ठाण्याला लागून असलेले मुलुंड आणि मध्य रेल्वेवरील अन्य उपनगरे ही या वस्तीची नैसर्गिक शेजारी. अंधेरी किंवा बोरिवलीसारख्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबाला मात्र सिनेगॉगसाठी बरेच अंतर कापावे लागते. धार्मिक विधीसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते, हा ज्यू नियम लक्षात घेतला, तर विखुरलेल्या वस्तीची अडचण स्पष्ट होते.

अशा वेळी मूळ गावाशी नाते राखणारा एक दुवा म्हणजे एलियाहू हनाबीवरील श्रद्धा. गोड पोहे, नारळ आणि फळे यांचा ‘मलिदा’ अर्पण करण्याचा विधी ही या समाजाची खास ओळख. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या पाऊलखुणा असल्याचे समाज मानतो, आणि नवस फेडण्यासाठी मुंबई–ठाण्याहून, तसेच इस्रायलहूनही कुटुंबे तेथे येतात.

लपलेली आडनावे

या आडनावांची गणना करू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण येते ती अशी की, अनेकांनी ती सार्वजनिक जीवनात वापरलीच नाहीत. मुंबईतील महालक्ष्मी–वरळी परिसरातील डॉ. ई. मोझेस मार्ग हे याचे उत्तम उदाहरण. १९३७–३८ मध्ये मुंबईचे महापौर असलेल्या डॉ. एलिजा मोझेस यांचे आडनाव राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवर ते नाही. ‘बूट पॉलिश’ (१९५४) या चित्रपटातील भूमिकेमुळे अजरामर झालेले अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्यांच्या नाटकावर आधारित होता, ते जोसेफ डेव्हिड हे पेणकर. इंग्रजीत लिहिणारे मुंबईचे ख्यातनाम कवी निस्सिम इझिकेल (१९२४–२००४) यांच्याही नावात गावाचा पत्ता दिसत नाही.

इंग्रजी पद्धतीच्या कार्यालयांत शेवटचे नाव हेच आडनाव मानले जाई आणि बायबलमधील पितृनाम साहेबांना उच्चारायला सोपे होते. त्यामुळे पित्याचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि गाव घरापुरते उरले. काही घराण्यांनी ‘कर’ गाळून केवळ गावाचे नाव ठेवले. कामा रुग्णालयाच्या अधीक्षक राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्रीने सन्मानित झालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव हे अशा रूपाचे उदाहरण आहे. झिराड आणि झिराडकर ही दोन्ही रूपे एकाच गावाकडे नेतात.

परिणामी, दूरध्वनी सूची किंवा मतदार यादी पाहून केहिमकर, वाकरूळकर किंवा अष्टमकर किती आहेत हे सांगता येत नाही. इंग्रजी लेखनातील फरकांमुळे एकच घराणे दोन-तीन रूपांनी नोंदले जाते. विवाहानंतर मुलीचे आडनाव बदलते, तेव्हा मुलगा नसलेल्या शाखेत ते तेथेच थांबते. ज्या आडनावाची घरे मुळातच दहा-वीस, त्याला एका पिढीतील अशा दोन-तीन घटनाही जड जातात.

सागरापलीकडे

फौज आणि सरकारी नोकरी यांच्या मागोमाग ही आडनावे पुणे, अहमदाबाद, कराची, एडन अशा ठिकाणी गेली. कराचीचे ‘मागेन शालोम’ सिनेगॉग १८९३ साली बांधणारे सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर हे नगरपालिकेत सर्वेक्षक होते. ते सिनेगॉग १९८८ साली पाडण्यात आले आणि कराचीतील मराठी भाषक ज्यूंची वस्तीही उरली नाही. एका आडनावाच्या प्रसाराच्या नकाशावरील एक ठिपका असा पुसला गेला.

सर्वांत मोठे स्थलांतर १९४८ नंतरचे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. इस्रायल राष्ट्राच्या स्थापनेनंतर त्यांपैकी बहुसंख्य तिकडे गेले आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत वसले. तेथे त्यांच्या ज्यू असण्याविषयीच, विशेषतः अन्य ज्यूंशी विवाहाच्या बाबतीत, धर्मपीठाने शंका घेतली. त्याविरुद्ध समाजाने दीर्घ आंदोलन केले. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे ठामपणे मान्य केले. आज तेथे भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या ऐंशी हजारांहून अधिक मानली जाते आणि त्यांत बेने इस्रायलांचा वाटा सर्वांत मोठा आहे. भारतात मात्र सर्व ज्यूंची मिळून संख्या पाच हजारांच्या आतबाहेर राहिली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

इस्रायलमध्ये या आडनावांच्या अर्थात एक बदल घडला. मुंबईत पेणकर म्हटले की ऐकणाऱ्याला पेण आठवते. बीरशेबात ते आठवण्याचे कारण नाही. हिब्रूत ‘कर’ या उच्चाराच्या शब्दाचा अर्थ ‘थंड’ असा होतो, तेव्हा प्रत्ययाचा अर्थही तेथे पोहोचत नाही. तेथे ‘कर’ने संपणारे नाव सांगते ते एवढेच की हे कुटुंब भारतातून, मराठी मुलखातून आले. गावाची खूण प्रदेशाची खूण झाली. काही कुटुंबांनी नव्या देशात हिब्रू आडनावे घेतली, तर इतरांनी जुनी जपली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथे निघू लागले. तरी तेथे जन्मलेल्या पिढ्यांची पहिली भाषा हिब्रूच आहे.

नोंद कोठे सापडते?

या आडनावांचा माग काढण्यासाठी आज उपयोगी पडणारी साधने मोजकी आहेत. सिनेगॉगांची दफ्तरे, शाळांचे पट, पलटणींच्या याद्या आणि दफनभूमीतील हिब्रू–मराठी शिलालेख ही त्यांतील प्रमुख होत. हयातीत जे नाव पाटीवर आले नाही, ते पुष्कळदा कबरीवरील दगडावर आढळते. कोकणात अलिबाग (१८४८), रेवदंडा (१८४२) आणि पनवेल (१८४९) येथे सिनेगॉग आहेत आणि अलिबागला ‘इस्रायल आळी’ हे नावही टिकून आहे. या वास्तू, दफ्तरे आणि शिळा किती काळ जपल्या जातात, यावर पुढच्या पिढीला आपले गाव सापडणार की नाही हे अवलंबून राहील. खाऱ्या हवेत दगडावरील अक्षरे झिजतात, कागद त्याहून लवकर जातो, आणि ज्यांना घराण्यांची नाती तोंडपाठ आहेत अशी वृद्ध मंडळी दरवर्षी कमी होत आहेत.

केहिमकरांसारख्या विरळ आडनावाचे मोल येथे दिसते. ज्या समाजाचा मुंबईपूर्वीचा इतिहास जवळजवळ अलिखित आहे, त्याच्या बाबतीत कोणते कुटुंब कोणत्या गावात राहत होते, याचा सर्वांत व्यापक पुरावा ही आडनावेच देतात. ती नकाशावर मांडली, की कोकणातील जुन्या वस्त्यांचे चित्र आपोआप उभे राहते. त्यांतील एखादे आडनाव वापरातून गेले, तर चित्रातील एक गाव कमी होते. आजोबांचे तिसरे नाव काय होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे एवढे साधे काम ज्या कुटुंबांत अजून शक्य आहे, तेथे ते चित्र पुरे होऊ शकते.